शेतघर आपलंसं करताना: आधी वावर, मग सजावट

शेतावरच्या किंवा वस्तीबाहेरच्या घरात नव्यानं राहायला गेलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत एक गोष्ट हमखास खुपते. व्यवहार झाला, कागदपत्रं झाली, सामान लागलं, तरी घर परकंच वाटतं. रात्री जाग आली की क्षणभर कुठे आहोत ते उमगत नाही, अंधारात दिव्याचं बटण सापडत नाही. मग पडदे, रंग, फर्निचर, कुंड्या यांच्यामागे धावाधाव सुरू होते. या गोष्टी वाईट नाहीत, पण त्यांची पाळी नंतरची आहे. घर आपलं वाटायला लागतं ते रोजच्या वावरातून. कोणत्या दारानं आत-बाहेर करता, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कुठे टेकता, बादली कुठून कुठे नेता, रात्री अंगणात किती निर्धास्त उभे राहता, यावर ते ठरतं. हा वावर सुखाचा झाला की निम्मं काम झालं, असं माझं ठाम मत आहे. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं लावल्या आहेत.

पहिली पायरी: एक वर्षभर मोडतोड नको

पहिल्या वर्षात भिंत पाडू नका, मोठं झाड तोडू नका, अंगणात फरशी घालू नका. गळकं छप्पर, उघड्या विजेच्या तारा, मोडकी पायरी असली धोक्याची कामं मात्र लगेच करा. बाकी सगळं थांबू शकतं. त्या जागेवर ऊन, वारा आणि पाणी वर्षभर कसं फिरतं हे कळल्याशिवाय केलेलं बांधकाम पुढे जन्मभर आडवं येतं.

एक मोठा कागद घ्या. त्यावर घर, विहीर किंवा नळ, गोठा, फाटक, झाडं, चढ-उतार असा ढोबळ नकाशा काढा. प्रमाणात नसला तरी चालेल. त्याच्या प्रती काढून ठेवा आणि दर महिन्याला एका प्रतीवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ऊन कुठपर्यंत येतं ते पेन्सिलीनं नोंदवा. उष्णकटिबंधाच्या बाहेर कुठेही राहत असाल, तर उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी भर दुपारी सूर्याच्या उंचीत सुमारे ४७ अंशांचा फरक पडतो. म्हणजे उन्हाळ्यात जी खोली पूर्ण सावलीत असते, तिच्यात हिवाळ्यात पार आतल्या भिंतीपर्यंत ऊन येऊ शकतं. उत्तर गोलार्धात हे दक्षिणेकडच्या खिडक्यांबाबत घडतं, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडच्या. एकच ऋतू पाहून बसायची खोली ठरवली की सहा महिन्यांनी सामान पुन्हा हलवावं लागतं.

पश्चिमेचं ऊन वेगळं. ते क्षितिजाजवळून तिरपं येतं, त्यामुळे छपराची वळचण कितीही पुढे काढली तरी ते अडत नाही. तिथे उभा आडोसाच लागतो: वेल चढवलेली जाळी, खाली सोडायची चटई किंवा थोड्या अंतरावरचं झाड. हे पहिल्या उन्हाळ्यातच लक्षात येतं आणि तात्पुरत्या चटईनं भागवताही येतं.

वारा नोंदवायला यंत्र नको. कुंपणाच्या चार कोपऱ्यांना कापडाच्या पट्ट्या बांधा. बोचरा वारा कोणत्या बाजूनं येतो आणि हवीहवीशी झुळूक कोणत्या बाजूनं, हे पट्ट्या सांगतील.

दुसरी पायरी: पाण्याला वाट द्या

जोराचा पाऊस सुरू असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. ही फेरी चुकवू नका. कोरड्या दिवशी पाहून जे महिनोन्‌महिने कळणार नाही ते त्या अर्ध्या तासात कळतं: पागोळ्या नेमक्या कुठे पडतात, पाणी पायाशी कुठे साचतं, वाट कुठे वाहून जाते.

हिशोब सोपा आहे. छपराच्या १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. १०० चौरस मीटरच्या छपरावर २० मिलिमीटर पाऊस झाला तर २,००० लिटर पाणी खाली येतं, आणि पन्हाळं नसेल तर ते सगळं भिंतीच्या कडेनं मुरतं. ओल चढते, पोपडे निघतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास लागतो. भिंतीपासून पहिल्या ३ मीटरमध्ये जमिनीला साधारण १५ सेंटीमीटरचा उतार बाहेरच्या दिशेनं असावा. बऱ्याच जुन्या घरांत तो मुळात असतो, पण वर्षानुवर्षं माती साचून उलटा झालेला असतो. दोन दिवस फावडं चालवलं की तो परत मिळतो आणि घरातला कुबट वासही हळूहळू जातो. परकेपणाचा मोठा भाग वासात असतो, हे लोकांच्या ध्यानात येत नाही.

पिण्याचं पाणी स्वतःच्या विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर वर्षातून एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. कोलिफॉर्म जिवाणू (पाण्यात मैला मिसळल्याची खूण) आणि नायट्रेट (खतांतून, सांडपाण्यातून झिरपणारा क्षार) या दोन तपासण्या तरी कराच. उकळल्यानं जिवाणू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं, आणि तान्ह्या बाळाला त्याचा धोका सर्वांत जास्त असतो. साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाका. उबदार हवेत डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची वाढ साधारण आठवडा-दहा दिवसांत पूर्ण होते, त्यामुळे आठवड्याचा नेम पुरतो. संध्याकाळी अंगणात बसता येणं हे बरंचसं यावरच अवलंबून असतं.

तिसरी पायरी: वापरातलं दार शोधा आणि त्याचे लाड करा

प्रत्येक शेतघराला एक पुढचं दार असतं आणि एक खरं दार असतं. खरं दार म्हणजे ज्यातून तुम्ही दिवसातून वीसदा जाता-येता. बहुतेक वेळा ते मागचं किंवा स्वयंपाकघराचं असतं. नवी मंडळी पुढच्या दाराशी कुंड्या मांडतात आणि या दाराशी चिखलाच्या बुटांचा ढीग पडलेला असतो. माझा सल्ला असा की पहिला खर्च इथे करा.

दार कसं असावं ते जरा तपशिलात सांगतो. बाहेर पायरीच्या आधी एक खडबडीत दगड किंवा लोखंडी पट्टी, बुटाच्या तळाचा चिखल खरवडायला. त्यापुढे काथ्याचं जाड पायपुसणं, निदान दोन पावलं त्यावर पडतील एवढं लांब. लहान पायपुसण्यावर एकच पाय पडतो आणि दुसऱ्याचा चिखल आत येतो. शेजारी गुडघ्याएवढ्या उंचीचा बाक, बसून बूट काढायला. बाकाखाली मोकळी जागा, बूट सरकवायला. बाकावर छताचा आडोसा हवा, नाहीतर पावसात तो बिनकामाचा. भिंतीवर मजबूत खुंट्या, घरातल्या माणसांच्या संख्येपेक्षा दोन जास्त, आणि मुलं असतील तर त्यांच्यासाठी एक रांग खाली. हाताशी एक नळ किंवा पाण्याची घागर आणि साबण. आत शिरल्याबरोबर हात टेकेल अशा उंचीवर फळी: बॅटरी, चाकू, दोरा, हातमोजे, किल्ल्या यांच्यासाठी. फळीवरची प्रत्येक वस्तू अंधारातही हाताला लागली पाहिजे, म्हणून तिची जागा एकदा ठरवा आणि बदलू नका.

एवढं झालं की बाहेरून थकून आल्यावर बुटांचं काय करायचं, ओला कोट कुठे टाकायचा, हा रोजचा वैताग संपतो. बाकावर टेकून बूट काढताना दोन मिनिटं आपोआप शांत बसणं होतं.

चौथी पायरी: रात्र ओळखीची करा

नव्या जागेत दिवस निभावतो, रात्र निभत नाही. मोकळ्यावरच्या घरात आवाज फार वेगळे असतात. छपराचा पत्रा रात्री थंड होताना आकसतो आणि टकटक वाजतो. लाकडी वासेही कुरकुरतात. पंपाचा खटका, फाटकाची बिजागरी, पोटमाळ्यावरची खुडबुड, यातला कोणता आवाज कशाचा हे माहीत नसतं तोवर प्रत्येक आवाज चोराचा वाटतो. दिवसा एकेक आवाज शोधून काढा. सैल पत्रा ठोका, बिजागरीला तेल द्या, दाराच्या कड्या नीट बसवा. उंदीर साधारण ६ मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरतो. पाइप जिथे भिंतीतून आत येतात त्या फटींमध्ये स्टीलच्या तारेचा चोथा ठासून वरून गिलावा करा. जे आवाज उरतील त्यांची ओळख झालेली असेल, आणि ओळखीच्या आवाजानं झोप मोडत नाही.

दिव्यांच्या बाबतीत उत्साहानं सर्वांत जास्त नुकसान होतं. भीती वाटते म्हणून लोक खांबावर पांढराशुभ्र झगझगीत दिवा लावतात. त्यानं अंगण उजळतं, पण प्रकाशाच्या कडेपलीकडचा अंधार आणखी काळा होतो आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, एका झगझगीत दिव्यानं ते क्षणात वाया जातं. शिवाय निळसर पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त ओढले जातात. त्यापेक्षा २,७०० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर उजेडाचे छोटे दिवे घ्या. ते खाली तोंड करून, झाकण असलेले आणि गुडघ्या-कमरेच्या उंचीवर लावा: एक खऱ्या दारापाशी, एक पायरीवर, एक पाण्यापाशी. फाटकाजवळ हालचाल टिपून लागणारा एखादा दिवा पुरे. पलंगावरून हात लांब केल्यावर सापडेल असं एक बटण आणि कायम भारित असलेली एक बॅटरी, यांची सोय पहिल्याच आठवड्यात करा. वीज जाणार हे गृहीत धरूनच.

आणि कधीतरी सगळे दिवे बंद करून बाहेर थांबा. शहरात न मिळणारं आकाश हे अशा घराचं खरं वैभव आहे. ते स्वतःच्याच दिव्यानं झाकू नका.

पाचवी पायरी: रोजची फेरी आखा

ऑस्ट्रेलियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी १९७० च्या दशकात पर्माकल्चरची, म्हणजे निसर्गाच्या घडणीला धरून शेती आणि घर आखण्याच्या पद्धतीची, मांडणी केली. तिच्यातली एक कल्पना नवख्यांच्या फार कामाची आहे: घर हे शून्य क्रमांकाचं केंद्र, आणि ज्या गोष्टीकडे जितक्या वेळा जावं लागतं तितकी ती घराजवळ. रोज खुडायची पालेभाजी दारालगत. रोज दाणा टाकायच्या कोंबड्या त्यापलीकडे. आठवड्यातून एकदा पाहायची फळझाडं आणखी पुढे. शेवटी पाचव्या पट्ट्यात जे जसं आहे तसंच सोडून द्यायचं रान.

हे करताना आधी पायवाटा बघा. दोन-तीन महिन्यांत तुमच्या पायांनी गवतात स्वतःच रेघा पाडलेल्या असतात. वाट त्या रेघेवरूनच काढा. कागदावर काढलेली देखणी वळणाची वाट कोणी वापरत नाही, सगळे गवतातून आडवे जातात. वाट इतकी रुंद असू द्या की हातगाडी आणि माणूस अडखळणार नाहीत. सव्वा मीटर ठीक.

फेरी जोडलेली असावी. दारातून निघालात की ओला कचरा खताच्या ढिगावर, परतताना कोंबड्यांची अंडी, मग पाणी, मग येताना जळणाचं लाकूड. रिकाम्या हातानं जाणं-येणं कमी झालं की काम ओझं वाटत नाही. खताच्या ढिगाला दुर्गंधी येत असेल तर त्यात ओलं जास्त झालेलं असतं. कर्ब आणि नत्र यांचं वजनाचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असावं लागतं. व्यवहारात याचा अर्थ, ओल्या हिरव्या कचऱ्याच्या एका टोपलीमागे सुक्या पाचोळ्याच्या दोन-तीन टोपल्या. लाकडाचा ढीग मात्र घराच्या भिंतीला लावू नका. त्यात वाळवी, उंदीर आणि उंदरांमागून साप येतात. जमिनीपासून वीतभर उंच आणि घरापासून काही पावलं दूर ठेवा.

जनावरांची घाई नको. कुत्रं, मांजर, कोंबड्या, शेळ्या सगळे एकदम आणले तर पहिल्या वर्षी घर सोडून एक रात्रसुद्धा बाहेर राहता येत नाही. मग ज्या घरात रमायला आलो त्याचाच जाच वाटू लागतो. एका वेळी एक.

सहावी पायरी: बसायची जागा

मी सर्वांत जास्त जीव टाकतो तो या पायरीवर. घरात आणि अंगणात मिळून निदान दोन जागा अशा हव्यात जिथे काही काम नसताना जावंसं वाटतं. अशा जागेचं गमक काय, यावर ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ जे ॲपलटन यांनी १९७५ मध्ये एक विचार मांडला: माणसाला अशी जागा आवडते जिथून दूरवरचं दिसतं, पण स्वतःला मात्र आडोसा असतो. पाठीशी भिंत किंवा दाट झुडूप, डोक्यावर छप्पर किंवा फांदी, समोर मोकळं. उघड्या हिरवळीच्या मधोमध ठेवलेली खुर्ची रिकामी का राहते आणि पडवीच्या कोपऱ्यातली का भरलेली असते, याचं उत्तर यात आहे.

म्हणून खुर्ची उचला आणि आठवडाभर वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून बघा. जिथे नकळत जास्त वेळ बसलात ती जागा पक्की. पडवी दोन मीटरपेक्षा अरुंद असेल तर खुर्ची ठेवल्यावर पाय पसरता येत नाहीत आणि मागून कोणी गेलं की उठावं लागतं. तिथे भिंतीलगतचा बाक बरा.

आतली जागा खिडकीशी असावी, आणि खिडकीतून झाड दिसावं. संशोधक रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातल्या नोंदी तपासून १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास लहान आहे, पण शेतघरात राहणाऱ्याकडे झाडं आयतीच असतात. अनेकदा फक्त खाट किंवा टेबल फिरवायचं असतं. भांडी घासायच्या जागेसमोर खिडकी असेल तर ती आधी स्वच्छ करा. दिवसातला बराच वेळ नजर तिथूनच बाहेर जाते.

सातवी पायरी: शेजार

शेजारी अर्ध्या कोसावर असला तरी तो शेजारीच. पहिल्या महिन्यातच जाऊन भेटा, आणि सल्ला द्यायला नाही, विचारायला जा. पूर कुठवर येतो, विहीर कोणत्या महिन्यात तळ गाठते, तुमच्या आवारातून पूर्वापार कोणाची जा-ये आहे, वाऱ्यानं कोणतं झाड पडायला आलंय, जुना घरमालक कोणत्या कोपऱ्याला काय म्हणायचा. ही माहिती कोणत्याही कागदावर नसते. जुनी वाट कुंपण घालून बंद करण्यापूर्वी तर विचाराच, कायद्याच्या आणि माणुसकीच्या दोन्ही अंगांनी. कोपऱ्यांची जुनी नावं कळली की तीच वापरा. ‘विहिरीमागे’, ‘मोठ्या दगडापाशी’ असं घरातली सगळी एकच नावं घेऊ लागली की जागा बोलण्यात येते आणि अंगवळणी पडते.

अडीनडीला कोणाला हाक मारायची, जवळचा डॉक्टर कोण, पंप दुरुस्त कोण करतो, यांचे नंबर खऱ्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून लावा.

आठवी पायरी: झाडं

वर्षभर थांबा म्हटलं त्याला एक अपवाद: एक तरी झाड पहिल्याच योग्य हंगामात लावा. त्याची पूर्ण वाढ किती उंच आणि रुंद होते ते विचारून, घर, तारा आणि सांडपाण्याच्या टाकीपासून तेवढं अंतर सोडून. मोठं वाढलेलं महागडं रोप घ्यायचा मोह होतो, पण काढताना त्याची बरीच मुळं तुटलेली असतात आणि ते सावरायला वेळ घेतं. लहान रोप पुष्कळदा त्याला मागे टाकतं. बुंध्याभोवती ५ ते १० सेंटीमीटर पाचोळ्याचं आच्छादन घाला, पण बुंध्याला भिडू देऊ नका, साल कुजते.

बोचऱ्या वाऱ्याच्या बाजूला भिंत बांधण्यापेक्षा झाडांची ओळ चांगली. भरीव भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरे करतो. निम्मा वारा गाळून सोडणारी विरळ ओळ मात्र तिच्या उंचीच्या दसपट अंतरापर्यंत चांगला आडोसा देते.

शेवटी भिंती आणि सजावट

आता रंगाचा डबा उघडा. घर मातीचं किंवा चुन्यात बांधलेल्या दगडाचं असेल तर त्याला सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक रंग देऊ नका. अशा भिंती ओल शोषतात आणि वाळवून बाहेर टाकतात. वरचा थर बंद झाला की ओल आत कोंडते आणि पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखी कडक होते, तरी भिंतीला श्वास घेऊ देते. कळीचा चुना डोळ्यांत आणि कातडीवर भाजतो. चष्मा आणि हातमोजे घालूनच हात लावा.

जुनी खूण एखादी राहू द्या: झिजलेली पायरी, दाराच्या चौकटीवरच्या उंचीच्या रेघा, कोनाडा. सगळं गुळगुळीत केलं की घराचा चेहरा जातो.

वस्तू लावताना एवढंच पाहा की ती रोज नजरेला पडणाऱ्या ठिकाणी आहे. कुटुंबाचे फोटो बैठकीत पाहुण्यांसाठी लावण्यापेक्षा जिथून तुम्ही येता-जाता त्या बोळात लावा, थेट ऊन येणार नाही अशा भिंतीवर, कारण उन्हानं रंग उडतात. पुस्तकं बसायच्या जागेपासून हात लांबेल इतकी जवळ. आणि कपाटं बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका. मागे चार-पाच सेंटीमीटर फट ठेवा, म्हणजे हवा खेळेल आणि बुरशी धरणार नाही.